अरण्यदर्शनाचा अधिकार

वैशाख लागला, की वऱ्हाडच्या काळ्या मुलखात दुपार ही कामाची वेळ उरत नाही. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागतो, अमरावतीच्या रस्त्यांवर उन्हाची झळ अंगाला झोंबते, आणि ज्यांच्या पदरी थोडी सवड व थोडी शिल्लक आहे अशा कुटुंबांची दृष्टी सहजच उत्तरेकडे, क्षितिजावर धूसर दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगेकडे वळते. दोन पिढ्यांपूर्वी या डोंगराकडे वळणारी पावले बहुधा यात्रेची असत. मोर्शीकडचे लोक सालबर्डीच्या महादेवाला जात, अकोटकडचे श्रावणात धारगडला जात, आणि जैन कुटुंबे परतवाड्यावरून मुक्तागिरीची वाट धरत. आजही ही तीर्थे ओस पडलेली नाहीत; परंतु सुटीत डोंगर चढणाऱ्या बहुसंख्य गाड्या आता चिखलदऱ्याच्या पॉइंटांकडे, सेमाडोह-कोलकासच्या विश्रामगृहांकडे, आणि नरनाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूरच्या फाटकाकडे जातात. ही माणसे देव पाहावयास निघालेली नसतात. त्यांना वाघ पाहावयाचा असतो.

आणि वाघ बहुधा दिसत नाही. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीशी भेटलेला ओळखीचा माणूस विचारतो, "काय गा, वाघ दिसला काय?" आणि उत्तर येते, "नाही ना बा, फुकट गेली चक्कर." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की ते कोणा एकाचे राहिलेले नाही, आणि प्रत्येक वेळी ते मला अस्वस्थ करून गेले आहे. सिपनेचे पात्र पाहिले, पानगळीनंतरही उभा असलेला सागाचा पसारा पाहिला, सांबरांचा कळप पाहिला, सुदैव असेल तर गवाही पाहिला. आणि तरीही चक्कर फुकट गेली, असे म्हणणाऱ्याच्या मनात कोणता करार असतो? आपण दाम मोजले, जिप्सी ठरविली, पहाटे चारला मुले उठविली, तेव्हा त्या मोबदल्यात अरण्याने आपले सर्वांत भव्य जनावर आपल्यापुढे हजर करावे, असा तो करार आहे. या कराराच्या दुसऱ्या बाजूला कोणाची सही आहे, हा प्रश्न मला धार्मिक प्रश्न वाटतो. कारण सृष्टी कोणासाठी आहे, या जुन्या प्रश्नाचेच ते आजचे रूप आहे.

प्रथम त्या अरण्याविषयी. मेळघाट हे महाराष्ट्रातील पहिले व्याघ्रराखीव क्षेत्र. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या ९ अरण्यांत त्याची गणना झाली, आणि २२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याची रीतसर घोषणा निघाली. पुढे १९८७ मध्ये गुगामळ हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९७ मध्ये अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज या प्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आहे. पण त्याचे मर्म या आकड्यांपेक्षा भूमीच्या घडणीत आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून वाहत तापीला मिळतात, आणि प्रत्येकीने आपली दरी इतकी खोल, इतकी वाकडीतिकडी कापली आहे, की एका धारेवर उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या धारेवरचे झाड स्पष्ट दिसते आणि मधल्या दरीत काय चालले आहे याचा मात्र त्याला पत्ता लागत नाही. ताडोब्यासारख्या बऱ्याचशा सपाट अरण्यात, जेथे रस्ता पाणवठ्याच्या काठाने जातो, तेथे वाघाचे दर्शन ही आज जवळपास अपेक्षित गोष्ट झाली आहे. मेळघाटात तसे नाही. येथे वाघाला सहज आडोसा सापडतो. येथे मिळतात त्या त्याच्या खुणा: धुळीत उमटलेला ठसा, अर्जुनाच्या खोडावरचे ओरखडे, दरीतून अवचित उठलेली सांबराची आरोळी आणि तिच्यामागोमाग वानरांचा कल्लोळ. वाटाड्या जिप्सी थांबवावयास सांगतो, सर्वजण श्वास रोखून बसतात, आणि थोड्या वेळाने अरण्य पुन्हा पूर्ववत होते. वाघ तेथे होता, यात शंका नसते. तो दिसला नाही, इतकेच.

आता, सृष्टी ही पाहणाऱ्यासाठी आहे, हे मत आपल्या तत्त्वज्ञानाला अपरिचित आहे असे मुळीच नाही. सांख्यांनी ते फार गंभीरपणे मांडले. त्यांच्या मते प्रकृती जड आहे आणि तिचा सारा विस्तार पुरुषासाठी, त्या साक्षी चैतन्यासाठी आहे; नर्तकी रंगभूमीवर आपली कला दाखविते आणि प्रेक्षकाने पाहिले, की निवृत्त होते, तशी प्रकृती पुरुषाला आपले रूप दाखवून माघारी फिरते, असा ईश्वरकृष्णाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. वरवर पाहता जिप्सीत बसलेल्या प्रवाशाच्या अपेक्षेला याहून भक्कम शास्त्राधार सापडणार नाही. परंतु सांख्यांचा द्रष्टा आणि आपला प्रवासी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सांख्यांचा पुरुष काहीच मागत नाही. त्याला भोगाची वासना नाही, त्याच्या हाती कॅमेरा नाही, आणि प्रकृतीने अमुकच रूप दाखवावे असा त्याचा आग्रह नाही. प्रकृती आपल्याहून वेगळी आहे, एवढा विवेक होताच तो मोकळा होतो. म्हणजे ज्या दर्शनाने द्रष्ट्याला सृष्टीचे केंद्र मानले, त्यानेच त्या द्रष्ट्याकडून सर्व मालकी काढून घेतली. आपण त्यातला पहिला भाग तेवढा उचलला आणि दुसरा वाऱ्यावर सोडला. ईशावास्याचा ऋषी तर त्याहूनही थेट बोलतो: जे काही जगात हालते-चालते आहे ते सर्व ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्याचा उपभोग त्यागपूर्वक घ्यावा आणि दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा धरू नये. सिपनेच्या काठचा वाघ हे कोणाचे धन आहे, हा प्रश्न या मंत्राच्या उजेडात विचारला, तर वनखात्याचे, सरकारचे किंवा राष्ट्राचे हे उत्तर व्यवहारापुरतेच खरे ठरते.

पाश्चात्त्य विचारातही या प्रश्नाची एक शाखा आहे. अठराव्या शतकात बर्कली या आयरिश बिशपाने असे प्रतिपादन केले, की वस्तूचे असणे म्हणजे तिचे कोणा मनाकडून पाहिले जाणे. आणि कोणीही माणूस पाहत नसताना वस्तू टिकून राहते ती ईश्वर तिला निरंतर पाहत असतो म्हणून. या मताची तार्किक बाजू कितीही लढवली गेली असली, तरी रानपिंगळ्याची हकीकत आठवली की मला त्या बिशपाच्या श्रद्धेचे मोल कळते. रानपिंगळा हे मध्य भारतातील एक लहानसे घुबड. १८७० च्या दशकात शास्त्राला त्याची ओळख झाली, १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना कोणाच्याही हाती लागला नाही, आणि जगाच्या दप्तरात त्याची नोंद हळूहळू नामशेष पक्ष्यांत होऊ लागली. त्यानंतर १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबारकडील शहाद्याजवळच्या सातपुड्यात जिवंत दिसला. आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. मधल्या ११३ वर्षांत तो काय करीत होता? सागाच्या फांदीवर, उघड्या दिवसाउजेडी, पाली-सरडे टिपत बसला होता, पिले वाढवीत होता, पिढ्यांमागून पिढ्या जगत होता. आपल्या पाहण्याची त्याला गरज पडली नाही, आणि आपल्या न पाहण्याने त्याचे काही उणे झाले नाही. त्याला पाहण्यासाठी आजही फारसे कोणी जिप्सी ठरवीत नाही. परंतु मेळघाटातून माझ्या मनात जे सर्वांत खोल रुजले आहे ते हे पाखरू होय, आणि त्याच्या त्या शतकभराच्या अज्ञातवासाचा विचार मला कोणत्याही प्रवचनाइतका उपकारक वाटत आला आहे.

अज्ञातवासाचा उल्लेख आला, आणि चिखलदऱ्याची कथाही अज्ञातवासाचीच आहे. पांडव विराटाच्या घरी गुप्तपणे राहत असताना द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या महालात सेवा करीत होती. राणीचा भाऊ कीचक याने तिला पाहिले आणि तो तिची अभिलाषा धरून बसला. भीमाने त्याला ठार करून दरीत फेकले, ती दरी हीच, आणि भीमाने ज्या पाण्यात हात धुतले ते भीमकुंड हेच, अशी वऱ्हाडची श्रद्धा आहे. वैराट नावाचे उंच ठिकाण जवळच आहे आणि लोक ते विराटाचे म्हणून सांगतात. ही कथा वऱ्हाडात घडली की अन्यत्र, हा वाद पंडितांनी घालावा. लोकांनी ती या कड्यावर आणून ठेवली, यातच मला फार मोठे शहाणपण दिसते. कीचकाचा अपराध जबरदस्तीपासून सुरू होत नाही. तो पाहण्यापासून सुरू होतो. दृष्टीस पडलेली ती स्त्री स्वतःचे दुःख, स्वतःचे व्रत, स्वतःचे मागचे आणि पुढचे आयुष्य घेऊन वावरणारी एक स्वतंत्र व्यक्ती आहे, ही शक्यताच त्याच्या मनात आली नाही. जे सुंदर आहे आणि माझ्या हद्दीत आहे ते माझ्यासाठी आहे, एवढाच त्याचा हिशेब होता. आज पावसाळ्यात त्याच दरीच्या काठावर, ढगांत बुडालेल्या कठड्यांशी सहस्रावधी माणसे उभी राहतात, आणि पंचबोल पॉइंटवरून दरीत हाका मारतात, कारण तेथे हाकेचा पडसाद पुनःपुन्हा उमटतो. त्या हाकांत मुलांचा निर्मळ आनंद आहे, तो मी हिरावून घेऊ इच्छित नाही. तथापि, दरीने आपलाच आवाज आपल्याला परत द्यावा एवढ्यासाठी जो तेथे जातो त्याला दरीचा स्वतःचा आवाज, खालच्या रानातल्या पाण्याचा आणि पाखरांचा, ऐकू येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

वऱ्हाडच्या भूमीत याहून वेगळे पाहणे शिकविणारे पुष्कळ होऊन गेले. महानुभावांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलेच, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते या परिसरातच. त्यातली सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे: शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे जिवाच्या आकांताने धावत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो, शिकारी तो मागतात, आणि स्वामी त्यांना शांतपणे सांगतात, की शरण आलेला जीव सोपवून देता येत नाही. स्वामी शिकाऱ्यांना शाप देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. आणि ते ऐकून शिकारी आपले मन बदलतात. या लीळेत ससा पाहण्याची वस्तू होत नाही, तो आश्रय मागणारा पाहुणा होतो. मुक्तागिरीची आख्यायिकाही याच जातीची. हे सिद्धक्षेत्र आज मध्यप्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडत असले तरी त्याचा सारा राबता परतवाड्याकडून आहे; डोंगराच्या कुशीत ५२ मंदिरे, आणि त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा. येथे ध्यानस्थ मुनींपाशी एक मेंढा मरणोन्मुख होऊन पडला, मुनींनी त्याला णमोकार मंत्र ऐकविला, आणि तो देवगतीला गेला, म्हणून या डोंगराचे एक नाव मेंढगिरी. मेंढ्यालाही स्वतःची गती आहे, स्वतःचे कर्म आणि स्वतःचा मोक्षमार्ग आहे. तो कोणाच्या करमणुकीसाठी किंवा कोणाच्या भोजनासाठी जन्माला आलेला नाही, हे जैन विचाराने जितक्या निर्धाराने सांगितले तितके क्वचितच कोणी सांगितले असेल.

वाघाच्या बाबतीत मात्र आपल्या धार्मिक कल्पनेत दोन धारा आहेत, आणि त्यांचा झगडा मला महत्त्वाचा वाटतो. एक धारा वाघावर स्वार होण्याची. चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले ही कथा घराघरांत आहे. नरनाळ्याच्या गडावर, ज्याच्या भोवतीचा प्रदेश अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात स्वतंत्र सरकार म्हणून मोजला जाई, तेथील एका अवलियाला लोक वाघावर स्वार होणारा वली म्हणून ओळखतात. त्याची कबर गडावर आहे आणि तो गड आता वाघांच्या अभयारण्याच्या हद्दीत आहे. हिंदू असो, मुसलमान असो, सिद्धपुरुषाची थोरवी दाखविण्यासाठी लोकांनी त्याला वाघावर बसविले, कारण वाघ म्हणजे निसर्गातील अजिंक्य शक्ती, आणि ती अंकित होणे म्हणजे तपाची परिसीमा. परंतु चांगदेवाच्या कथेचा शेवट काय होतो? ज्ञानेश्वर वाघाला वाघाने उत्तर देत नाहीत. ते ज्या भिंतीवर भावंडांसह बसलेले असतात ती निर्जीव भिंतच चालू लागते, आणि चांगदेवाचा अहंकार गळून पडतो. जनावराला अंकित करणाऱ्या सिद्धीपेक्षा जडातही चैतन्य पाहणारी दृष्टी मोठी, असा निवाडा महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने दिला आहे, आणि माझ्या मते तो अखेरचा निवाडा आहे. सिद्धी नसतानाही पैशाच्या आणि यंत्राच्या जोरावर वाघाला आपल्यापुढे आणू पाहणारा आजचा प्रवासी, नकळत, चांगदेवाच्या जुन्या वाटेवर आहे.

दुसरी धारा कोरकूंची. मेळघाटातला कोरकू वाघाला वाघदेव म्हणतो. रानाच्या कडेला त्याची प्रतिमा असते, तिला शेंदूर लागतो, नैवेद्य होतो. या पूजेत भय आहे, हे मी लपवीत नाही. ज्याची गुरे रानात चरतात आणि ज्याची बायको मोहफुले वेचण्यासाठी पहाटे झाडाखाली वाकते त्याच्या पूजेत भय असणारच. पण हे भय शेजाऱ्याचे भय आहे. तुझे रान तुला, माझे शेत मला, आपली वाट एकमेकांना छेदणार नाही अशी कृपा कर, एवढेच त्याचे मागणे असते. आणि वाघ दिसावा हे तर त्या मागण्यात कधीच नसते. ज्याला आपण दर्शनाचा लाभ म्हणतो, तो टळावा म्हणून कोरकू नारळ फोडतो. दोघांपैकी वाघाचे असणे कोणाला अधिक खरे वाटते, याचा विचार करावा असे मला वाटते. ज्याच्या लेखी वाघ न दिसताही दररोज त्या दरीत आहे, ज्याच्या चालण्यात, बोलण्यात, काटक्या गोळा करण्यात त्या असण्याची दखल आहे, त्याची श्रद्धा ही केवळ मागासलेली समजूत आहे असे म्हणणाऱ्यांनी श्रद्धा म्हणजे काय याचाच कधी विचार केलेला नाही.

आणि येथे या विषयाची सर्वांत वेदनादायक बाजू पुढे येते, जी टाळून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या कोरकूंनी वाघाशी हा शेजारधर्म पाळला त्यांचीच गावे वाघासाठी उठली. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम हलविली गेली. पुढे वैराट आणि चुर्णी, आणि अकोटच्या बाजूची अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी. २००८ नंतर प्रत्येक कुटुंबामागे १० लाख रुपये मोबदला मुक्रर झाला. अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर नव्या वसाहती झाल्या. आणि तेथे न रमलेली माणसे पुन्हा रानात परतली तेव्हा, २०१९ च्या जानेवारीत, त्यांची आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांची झटापट होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली. उठलेल्या गावांच्या शेतांवर आता गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर सांबरे व गवे चरतात. वाघाच्या दृष्टीने हे हितकारक झाले, यात संशय नाही, आणि वाघ टिकावा अशी ज्याची इच्छा आहे त्याला ही गोष्ट मान्य करावी लागते. मी ती मान्य करतो. स्वेच्छेने, पूर्ण माहितीने, शाळा-दवाखान्याच्या ओढीने जे खाली आले त्यांच्या निवडीचाही मी आदर करतो. परंतु रान माणसांपासून मोकळे झाले, असे म्हणत असताना त्या रानात कोणासाठी फाटक उघडले गेले, हे आपण विसरता कामा नये. ज्या रानातून बारूखेड्याची बाई पाण्याला जात होती त्या रानात अकोल्याचा प्रवासी दुर्बीण घेऊन जातो. हा प्रवासी मीही आहे.

चोखोबांची आठवण येथे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म वऱ्हाडातल्या मेहुणा राजा येथला, असे परंपरा मानते. आयुष्यभर ज्याच्यासाठी ते तळमळले त्या विठ्ठलाच्या गाभाऱ्यात त्यांना पाऊल टाकू दिले गेले नाही. त्यांची समाधी महाद्वाराशी आहे. मी वर जे सुचविले, की अरण्याने दर्शन दिले नाही तर ते नम्रपणे स्वीकारावे, त्याचा आधार घेऊन कोणी चोखोबांनाही तोच उपदेश करील, तर तो घोर अन्याय होईल. विठ्ठलाने चोखोबांना दर्शन नाकारले नाही, ते माणसांनी नाकारले. वाघाचे अदृश्य राहणे आणि माणसाने माणसापुढे फाटक लावणे, या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकता येत नाहीत. पहिल्या नकारापुढे मस्तक नमवावे. दुसऱ्याचा जाब विचारावा. कोरकू गाव उठते तेव्हा घरांबरोबर काय काय मागे राहते, याचा हिशेब कोणत्या दस्तऐवजात आहे? गावाचा राखणदार मुठवा देव गावाच्या भूमीतच रुजलेला असतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी मुंडे विशिष्ट झाडाखाली उभे असतात. घराचा, विहिरीचा, आंब्याच्या झाडाचा मोबदला ठरविता येतो. पूर्वजांच्या सान्निध्याची किंमत कोणत्या जमाबंदीने ठरवावी?

मग अरण्यात जाऊच नये काय? असा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. २०१२ च्या जुलैत न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनास तात्पुरती मनाई केली, आणि ऑक्टोबरात नवे नियम झाल्यावर ती उठविली. त्या नियमांनी गाभ्याचा फार तर २० टक्के भाग पर्यटनासाठी मोकळा ठेवला. जाण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे. सेमाडोहच्या निसर्गकेंद्रात बसलेले शहरी मूल अस्वलाचा आणि रानकुत्र्याचा विचार करू लागते, आसपासच्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळते, आणि पाहणाऱ्यांचे डोळे असले की चोरट्या शिकाऱ्याला वचक बसतो. म्हणून न जाण्याचा उपदेश मी करीत नाही. माझे म्हणणे जाण्याच्या वृत्तीविषयी आहे, आणि त्या वृत्तीचा एक नमुना वनखात्यानेच घालून दिला आहे. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर नागरिकांना बसविले जाते. पूर्वी ही प्राण्यांची गणना असे. आता वाघांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, म्हणून या रात्रीला केवळ निसर्गानुभव म्हणतात. दुपारी मचाणावर चढावे, बोलू नये, दिवा लावू नये, अत्तर लावू नये, उतरू नये, आणि सकाळपर्यंत पाण्याकडे पाहत राहावे. जे येईल ते येईल. रानडुक्कर येते, भेकर येते, मोर येतो, कधी अस्वल येते. आणि पुष्कळदा चांदण्याखेरीज तासन् तास काहीच येत नाही. ज्या महापुरुषाच्या जन्माची, बोधीची आणि निर्वाणाची ही तिथी त्याने प्राणिमात्रांच्या हिंसेपासून निवृत्त होणे हे पहिले शील सांगितले आणि तृष्णा हे दुःखाचे मूळ सांगितले. वाघ दिसलाच पाहिजे ही तृष्णा जेथे रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी आपोआप विरते, अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही. मचाणावर बसलेला माणूस पाणवठ्याचा मालक नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो. त्याला तेथे नगण्य होऊन बसावे लागते, आणि हे नगण्य होणे ज्याला साधले त्यालाच अरण्याकडे पाहण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला भाविक जातात. त्या दिवसांत गाभ्यातील सफारी बंद असते, तरी ही जुनी वहिवाट मानून वनखाते त्यांना वाट देते, वाहनांवर आणि वेळेवर निर्बंध घालते, आणि भाविक ते पाळतात. धारगड गाव उठले. धारगडचा महादेव राहिला आणि त्याच्यापर्यंतची वाट राहिली. जी सवलत सपाटीवरच्या आम्हां भाविकांच्या देवाला आहे तीच केलपाणीच्या आणि बारूखेड्याच्या मुठव्यालाही असली पाहिजे. उठलेल्या प्रत्येक गावच्या माणसांना वर्षातून ठरलेल्या दिवशी, कोणतेही शुल्क न भरता, कोणाची मनधरणी न करता, आपल्या देवाकडे आणि आपल्या पूर्वजांच्या मुंड्यांकडे जाता यावे, त्याची लेखी सनद गावाच्या नावाने निघावी, आणि शहानूरच्या व पोपटखेड्याच्या बाजूला त्या दिवशी प्रवाशांच्या गाड्या थांबून राहाव्यात. असा दिवस मुक्रर झाला, तर अकोल्या-अमरावतीच्या कुटुंबांनी त्या दिवसाचे आपले आरक्षण आनंदाने सोडून द्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि त्यासाठीच्या अर्जावर पहिली सही करावयास मी तयार आहे.